डोलीतलं माणूस

गेल्या वर्षी आषाढ लागता लागता धुळ्याहून आप्पांचा फोन आला. आप्पा दिवाळी अंक काढतात, पदरचे पैसे घालून काढतात, आणि दरवर्षी "हा शेवटचा" म्हणतात. माझं काम ठरलेलं असतं. एक पुस्तक, आठशे शब्द, मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती आणि फराळाचं आमंत्रण.

"ताई, कादंबरी पाठवतोय. जुन्या काळातली आहे. किल्ले, लढाया, बोलणारी मगर, असं सगळं. राखीपौर्णिमेच्या आत द्या."

"बरं."

"आणि त्यात ते... दुसरंही आहे थोडं."

"दुसरं म्हणजे?"

"वाचा, कळेल तुम्हाला," म्हणाले आणि अंकाच्या जाहिरातींचं रडगाणं सुरू केलं.

कादंबरीचं नाव इथे देत नाही. परीक्षण छापून झालंय, नाव तिथे आहे. ते परीक्षण लिहिताना माझी जी फजिती झाली तेवढीच इथे सांगायची आहे.

मी अमळनेरला राहते. ज्युनियर कॉलेजात सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. अद्भुताच्या वाटेला फारशी जात नाही. तो प्रांत माझ्या लेकीचा. पण या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणाने मला उठून बसवलं, कारण कादंबरी चक्क आपल्या खानदेशातून सुरू होते.

फारुकी सुलतानांची गोष्ट शाळेत कुणी नीट सांगत नाही. १३८२ पासून १६०१ पर्यंत, अकबराने अशीरगड घेईपर्यंत, तापीच्या या पट्ट्यावर त्यांचं राज्य होतं. आधी थाळनेर, मग बुऱ्हाणपूर. अशीरगड त्यांच्या हाती कसा आला याची हकीकत फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. गड होता आसा अहिराचा. नासिर खानाने त्याच्याकडे निरोप धाडला, की माझ्यावर शत्रू चालून येतायत, बायकामुलांना तुमच्या गडावर आसरा द्या. आसा भला माणूस, हो म्हणाला. पहिल्या दिवशी डोल्यांमधून खरोखर बायका आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोल्या आल्या, आणि आसा आपल्या मुलांना घेऊन स्वागताला पुढे गेला, तर डोल्यांमधून हत्यारबंद शिपाई उतरले. बापलेक तिथेच कापले गेले.

कादंबरी सुरू होते ती दुसऱ्या दिवशीच्या एका डोलीत. आत एक कोवळा शिपाई लुगडं नेसून बसलाय, मांडीखाली तलवार. डोल्या खाली टेकतात, बाकीचे लुगडी फेडून, फेकून धावतात. हा फेडत नाही. लुगड्यातच उतरतो, एकही वार न करता कडेच्या भिंतीला टेकून उभा राहतो, आणि गडाच्या दरवाज्यावरचा एक तरुण मशालजी त्याच्याकडे बघत राहतो. मग दोघं मिळून चोरवाटेने गड उतरतात. पुढे तीनशे पानं पाठलाग, तापी, सातपुडा, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा. तो अशीरगडाच्या शिवमंदिरात रोज पहाटे फूल वाहून जातो अशी तिकडे समजूत आहेच. लेखकाने तीच उचलली आहे. या दोघांना कुठलंतरी तेल घेऊन त्याला गाठायचं असतं. मध्ये ती मगर. मगर मला फार आवडली. खवचट आहे, आणि तापी पश्चिमेला वाहते म्हणून बाकीच्या नद्यांना नावं ठेवते.

शिपाई आणि मशालजीचं एकमेकांवर प्रेम आहे. आप्पांचं "दुसरं" ते हे.

वर मी त्या शिपायाला "हा" म्हटलंय. पहिल्या वाचनात मी तसंच वाचलं, म्हणून इथेही तसंच ठेवते.

पहिला खर्डा मी इतिहासाचा लिहिला. आता कबूल करायला हरकत नाही, मी त्या खर्ड्यामागे लपले होते. शिरपूरची एसटी पकडून थाळनेरला जाऊन आले. तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष, गावाजवळ फारुकींची थडगी, त्यातलं एक अष्टकोनी, फार देखणं. वहीत टिपणं घेतली, तहान लागली म्हणून टपरीवर उसाचा रस घेतला आणि परतीच्या गाडीत चुका मोजल्या. सगळ्यात मोठी सापडली ती मिरचीची. सातपुड्यात शिपाई आणि मशालजी कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खातात. भाकरी चालेल, वांग्याचं भरीतही चाललं असतं. पण मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि नासिर खानाची ही गोष्ट पंधराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. वर ठेच्यात शेंगदाणे! तेही अमेरिकेचेच. मी या ठेच्यावर अख्खा परिच्छेद लिहिला आणि खूश झाले.

लेक पुण्याहून आली होती. तिने खर्डा वाचला.

"आई, मगर बोलते ते तुला चालतं आणि मिरची चालत नाही?"

"मगर बोलते हे लेखकाने ठरवून केलंय. मिरची माहीत नव्हती म्हणून आली. फरक आहे."

"बरं. पण त्या दोघांबद्दल एक ओळ नाही यात."

खरंच नव्हती. "दोन जिवलग" एवढे दोन शब्द होते, आठशेतले.

मग दुसरा खर्डा. हा आता उलट्या बाजूला कलंडला. "धाडसी विषय" या शब्दांनी सुरुवात. मग शिखंडी, बृहन्नडा आणि मोहिनी या आपल्या ठरलेल्या तिघांना साक्षीला उभं केलं. मग ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, कलम ३७७. मग २०२३ साली लग्नाच्या हक्काला मिळालेला नकार. सगळं खरं, तारखांसकट बरोबर. पण ते वाचताना मला आमच्या कॉलेजातली व्याख्यानमाला आठवली, जिथे वक्ता कुणीही असो, पहिली वीस मिनिटं प्रास्ताविकात जातात. ३७७ कलम इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतलं. माझे शिपाई आणि मशालजी त्याच्या साडेचारशे वर्षं आधी सातपुड्यात भाकरी खातायत. त्यांना भीती आहे ती पाठलागावरच्या घोडेस्वारांची, मगरीची, उपासमारीची. आपल्या प्रेमाला ते "विषय" समजतच नाहीत. आपल्याकडे पूर्वी हे सगळं सहज चालायचं, असंही एक वाक्य मी ठोकून दिलं होतं. ते खोडलं. असं म्हणायला माझ्याकडे काय आधार होता?

तोवर श्रावण उजाडला, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, ही खानदेशातली देवी, बसते. घरात परीक्षणाला जागा उरली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू आमच्या घरी मोजून घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, पाळण्यातला असला तरी. बायकांच्या नावाने नाही. लग्न होऊन आले तेव्हा याचा राग यायचा. आता हात आपोआप चालतो. शनिवारी दुपारी सासूबाई नावं घेत होत्या आणि मी मुठी टाकत होते. सासऱ्यांची, यांची, दिरांची, दिरांच्या दोन मुलांची. आणि मध्येच मनात आलं, की तो लुगड्यातला शिपाई या घरात असता तर त्याच्या नावाने मूठ पडली असती का? बायकांत धरला असता की पुरुषांत?

"तुनं ध्यान कथं शे?" सासूबाई म्हणाल्या. "गहू सांडी ऱ्हायनात."

तेवढ्यात धाकटे दीर टोपी घालत ओसरीतून ओरडले, "मी वावरमा जास." सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, "मी बी जास, कानबाईले फुलं आनस," म्हणाल्या आणि मागल्या दाराने गेल्या.

मी जास. मी बी जास.

गहू तसेच ठेवून मी आतल्या खोलीत गेले आणि पुस्तक काढलं.

आता थोडं व्याकरण सोसा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रमाण मराठीत बाई "मी जाते" म्हणते आणि बुवा "मी जातो". तोंड उघडलं की क्रियापद तुमचं लिंग सांगून मोकळं होतं. इथल्या बोलीचा, अहिराणीचा, वर्तमानकाळ तसा नाही. दीर जास, सासूबाई जास, मी जास. करस, खास, बसस, कोणीही म्हणा.

दोन्ही खर्ड्यांत मी एक दोष ठामपणे नोंदवला होता: "निवेदन भूतकाळात चालले असता मध्येच वर्तमानकाळात आणि तेही अहिराणीत घसरते. बोलीचा वापर धरसोडीचा. संपादनाचा अभाव जाणवतो." अशा चौदा जागांवर पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. त्या उघडून बसले. "मी पयस." "मी बसस तठेच." "मी भ्यास नही." चौदाही ठिकाणी क्रियापद अकर्मक. पळणे, बसणे, भिणे, थांबणे, निजणे. म्हणजे जिथे प्रमाण मराठीत "पळालो" किंवा "पळाले" यांतलं एक निवडावंच लागलं असतं, नेमकं तिथे पुस्तक अहिराणीत शिरतं.

आणि बाकीच्या तीनशे पानांत? "मी दोर कापला." "मी त्याला हाक मारली." "मला झोप लागली नाही." "मी येईन." कर्मणी प्रयोग, भावे प्रयोग, भविष्यकाळ. "मी दोर कापला" यात कापला हे दोराचं लिंग आहे, कापणाऱ्याचं नाही. सव्वीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं मी. पोरांच्या उत्तरपत्रिकांत कर्तरी-कर्मणीच्या चुका काढून माझा चष्मा दोनदा बदलला. आणि इथे एक अख्खं पुस्तक कर्त्याला लपवत चाललंय ते मला दिसलं नाही.

मराठीत काही क्रियापदं दगाबाज आहेत. कर्म असूनही ती कर्त्याच्या मागे जातात: म्हणालो, विसरलो, शिकलो, पाणी प्यायलो. मी मुद्दाम ती शोधली. "म्हणालो" कुठेच नाही. "सांगितलं", "विचारलं" आहे. "विसरलो" नाही; "माझ्या ध्यानातून गेलं" आहे. आणि तापीकाठी तीन दिवसांच्या तहानेनंतर पाणी दिसतं तिथे, जिथे कुठलाही लिहिणारा "ढसाढसा प्यायलो" लिहून पुढे गेला असता, तिथे: "मी ओंजळ तोंडाला लावली. मग दुसरी. मग ओंजळ सोडून दिली आणि तोंडच लावलं." हे वाक्य पहिल्या वाचनात मला आवडलं होतं. का तसं लिहिलंय ते आत्ता कळत होतं.

बाकीची पात्रं काय म्हणतात तेही मग नव्याने दिसलं. घोडेस्वार "तो" म्हणतात. गडावरच्या बायका "ती" म्हणतात. मशालजी फक्त "तू" म्हणतो, आणि "तू आलास"सुद्धा म्हणत नाही. "येशील ना?" म्हणतो. नाव असं, की आपल्याकडे पोराचंही असतं आणि पोरीचंही. म्हणजे डोलीत तलवार घेऊन बसलेलं ते कोण, हे पुस्तकाने कुठेच सांगितलेलं नाही. "शिपाई" म्हटल्याबरोबर "तो" मीच लावला होता.

मला हे आधी कळायला हवं होतं, याला आणखी एक कारण आहे. माझं माहेर कोल्हापूरकडचं. तिकडे आम्ही मुली सर्रास "मी आलो", "मी जातो" म्हणायचो. लग्नानंतर इथे पहिल्या आठवड्यात पदर खोचून "मी आलो" म्हणत स्वयंपाकघरात शिरले तर नणंदा हसून हसून लोळल्या. यांनी रात्री हळूच सांगितलं, आले म्हणत जा. वर्षभर जिभेला चिमटा लावून फिरले. पुढे मराठीची शिक्षिका म्हणून दुसऱ्यांच्या जिभांनाही लावत आले. तर मला हे समजायला हवं होतं.

रोट झाले, सोमवारी सकाळी कानबाई वाजत गाजत बोरी नदीला गेली. मी मिरवणुकीत होते आणि नव्हतेही.

मंगळवारी लेखकाला फोन लावला. नंबर आप्पांनी दिला होता. पुस्तकावर आडनाव आणि आद्याक्षरं तेवढी. पलीकडून आवाज आला, आणि पुढची दोन मिनिटं मी काय करत होते ते सांगायला लाज वाटते: क्रियापदाचा शेवट ऐकण्यासाठी कान टवकारून बसले होते. आलो की आले? समोरच्याला ही सवय असणार, कारण मध्ये एक बारीकशी शांतता आली. मग मीच भानावर आले आणि सरळ कामाचं विचारलं.

"चौदा जागी अहिराणी आहे ती मुद्दाम ना?"

"पंधरा जागी," उत्तर आलं. "एक तुमच्याकडून सुटली असेल."

"आणि एकशे एकतिसाव्या पानावर 'मी हसलो' आहे, ते?"

बराच वेळ काही नाही. मग, "अरेरे."

"म्हणजे?"

"राहून गेलं, ताई. तीनदा प्रूफं वाचली. तरी राहिलं."

पलीकडून हसू फुटलं, आणि मीही हसलो. माहेरच्या मराठीत लिहिलंय, चुकून नाही. मिरचीचं सांगितलं तेव्हा मात्र पलीकडून चिवटपणे वाद झाला. ठेच्याशिवाय सातपुड्यात माणूस जिवंत राहील का, असा एकंदर युक्तिवाद.

तिसरा खर्डा एका रात्रीत झाला. त्यात "विषय" हा शब्द नाही. "प्रेम" आहे, जिथे लागतं तिथे. "क्विअर" एकदा आहे, कारण त्याला धड मराठी शब्द मला सापडला नाही आणि "समलिंगी" इथे बसेना. ज्याचं लिंग पुस्तक सांगत नाही, त्याला "सम" कुणाशी ठरवायचं? शिपाई म्हटलं की "तो" येतो, नायिका म्हटलं की "ती". दोन दिवस अडले. शेवटी "डोलीतलं माणूस" लिहिलं. माणूस हा शब्द आपल्याकडे नपुंसकलिंगीही चालतो, ते माणूस, भलं माणूस. इतकी वर्षं तो शब्द घरातच होता.

परीक्षणात दोषही लिहिले. जुन्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांत वेषांतर असायचंच, राजकन्या पुरुषवेषात हिंडायची आणि शेवटच्या प्रकरणात पागोटं उतरवून सगळ्यांचा जीव भांड्यात पाडायची. इथे तसलं पागोटं उतरत नाही, हे मोठं काम. पण सातपुड्यातली साठ पानं रेंगाळतात. खलनायक पुठ्ठ्याचा आहे. आणि सगळ्यात खटकलं ते भिल्लांचं. त्या डोंगरात ते पिढ्यान् पिढ्या राहणारे, आणि पुस्तकात त्यांना काम काय, तर वाट दाखवायची आणि बाजूला व्हायचं. एकालाही स्वतःचं वाक्य नाही. ज्या लेखकाने एका "मी"साठी एवढं रक्त आटवलं त्याच्याकडून हे व्हायला नको होतं. मिरची मी एका ओळीत उरकली. काढवली नाही.

आप्पांचा फोन दुसऱ्या दिवशी. "ताई, छान झालंय. फक्त ते 'प्रेम' आहे तिथे 'जिवलग मैत्री' केलं तर? आपले वर्गणीदार..."

"मैत्री असती तर मैत्री लिहिलं असतं, आप्पा."

"तसं नाही हो..."

"मग छापू नका. लेख परत द्या."

आप्पा गप्प. मग म्हणाले, "ठेवतो तसंच. हा शेवटचाच अंक आहे म्हणा." त्यांनी शब्द पाळला, एकही "प्रेम" मैत्रीत बदललं नाही. याबद्दल मी त्यांना आजही मानते.

अंक वसुबारसेला हातात आला. परीक्षण मधल्या पानांवर, चौकटीत. मी कौतुकाने वाचायला घेतलं. मध्यावर तो परिच्छेद होता, ज्यात हे सगळं समजावून सांगितलं होतं आणि उदाहरणादाखल पुस्तकातलं वाक्य दिलं होतं: "मी जास, मागे पाहत नाही." छापलं होतं: "मी जातो, मागे पाहत नाही."

आप्पांना फोन केला.

"अहो, ते प्रूफ बघणारे सर आहेत ना आपले, त्यांनी केलं असेल. एवढा एकच शब्द अशुद्ध होता म्हणे लेखात. का, चुकलं का?"

काय सांगणार. फराळाला नक्की या म्हणाले.

माझ्या दोन्ही प्रती पेनाने दुरुस्त केल्या. एक लेखकाला पाठवली. नंतरच्या आठवड्यात वाचनालयात गेले, तर दिवाळी अंकांच्या टेबलावर आप्पांचा अंक पडलेला. पान काढलं, पर्समधून काळं पेन काढलं. "जातो"मधला "तो" नीट आडवी रेघ मारून खोडला, वर "स" लिहिला.

"मॅडम," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अंकावर लिहू नका."